मार्कचा गणेश

अहो, ऐकलंत का, त्या मार्कनं आपल्या गणेशबद्दल काय लिहिलं होतं ते? मार्क म्हणजे झुकरबर्ग हो, फेसबुकवाला. 2015 चा डिसेंबर संपत आला होता आणि टाइम्स ऑफ इंडियात त्याचा एवढा मोठा लेख. आणि त्यात कोण यावं, तर गणेश! महाराष्ट्रातला शेतकरी. ना आडनाव, ना गाव, ना तालुका. आमच्या जाऊबाई सांगलीकडच्या, त्या लगेच म्हणाल्या, "अगं, आमच्या एका वाडीत अकरा गणेश आहेत, यातला कुठला?"

तर हा गणेश म्हणे फ्री बेसिक्स, म्हणजे फेसबुकचं ते ठरावीक साइटपुरतं फुकट इंटरनेट, वापरायला लागला. पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो, आता नवीन पिकं काय, जनावरं काय, सगळ्यात पैसे घालतोय. आणि मग मार्कचा प्रश्न, की गणेशची शेती सुधारली तर त्यानं इंटरनेटचं काय बिघडलं? बघा हं, किती साळसूद. आमचे हे चहा घेत घेत म्हणाले, "बरोबर आहे की त्याचं. फुकट देतोय तर नाक कशाला मुरडायचं?" मी म्हटलं, अहो, फुकट देणारा एवढी पानभर जाहिरात करतो का कधी? गेले काही दिवस रोज पेपर उघडावा तर फ्री बेसिक्स, रस्त्यावर वर बघावं तर होर्डिंगवर फ्री बेसिक्स! तेव्हा गप्प बसले. चहा मात्र संपवला नाही, म्हणजे पटलं नव्हतं.

पण हे मी शेवटाकडून सांगायला लागले. खरी सुरुवात एअरटेलनं केली. तो नाताळातला प्रकार आठवतोय ना, 2014 चा? डेटा पॅकचे पैसे आपण भरायचे ते भरायचेच, वर स्काइपवरून, व्हायबरवरून बोललात तर त्याचे वेगळे! पलीकडच्या काकूंचा मुलगा तेव्हा न्यू जर्सीला, त्यांचा तर जीवच वरखाली झाला. रोज रात्री तासभर त्या नातवाला गोष्ट सांगायच्या. म्हणाल्या, "आता काय चिऊ-काऊला पण मीटर लावणार?" एवढी ओरड झाली, एवढी ओरड झाली, की चार-पाच दिवसांत कंपनीनं पाऊल मागे घेतलं. सांगितलं काय, तर ट्राय, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणारी ती सरकारी कचेरी, यावर लोकांची मतं मागवणारा पेपर काढणारच आहे, तोवर आम्ही थांबतो. थांबतो म्हणे!

आणि काढला बाई ट्रायनं पेपर. 27 मार्च 2015. एकशे अठरा पानं आणि वीस प्रश्न. भाषा अशी, की वकिलानंही दोनदा वाचावं. व्हॉट्सअ‍ॅप, स्काइप यांना लायसन्स लावावं का, कंपन्यांनी निरनिराळ्या अ‍ॅपला निरनिराळा भाव लावला तर चालेल का, असं सगळं. 24 एप्रिलपर्यंत लोकांनी मत कळवायचं. आता तुम्हीच सांगा, कोण वाचतंय? त्यांनाही तेच वाटलं असणार, की कुत्रंसुद्धा फिरकणार नाही इकडे.

पण ती मुंबईची विनोदी कार्यक्रम करणारी पोरं नव्हती का, एआयबीवाली? पूर्ण नाव मी काही उच्चारत नाही, कुंपणापलीकडे सासूबाई बसल्यात. तीच हो, त्या रोस्टपायी ज्यांच्यावर पोलिसात तक्रारी झाल्या होत्या. त्याच पोरांनी एप्रिलात एक व्हिडिओ काढला आणि त्या एकशे अठरा पानांचा अर्थ हसतखेळत सांगितला. दुसरीकडे निखिल पाहवा आणि त्याच्यासारखी मंडळी, सेव्ह द इंटरनेट म्हणून. त्यांनी काय केलं, वीसच्या वीस प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली. आपण वाचायची, हवी तशी बदलायची, ट्रायला धाडायची. बघता बघता दहा लाखांवर ई-मेल! सरकारी कचेरीत दहा लाख पत्रं, तीही शिव्याशाप न देता, प्रश्नाला धरून लिहिलेली. माझा तर विश्वासच बसेना.

आणि मग ट्रायनं काय केलं असेल? अहो, ऐका तर. ती सगळीच्या सगळी पत्रं वेबसाइटवर टाकली. पाठवणाऱ्याच्या नावासकट, ई-मेलच्या पत्त्यासकट! दहा लाख लोकांचे पत्ते चव्हाट्यावर. स्पॅमवाल्यांना आयतं घबाड. इंटरनेट कसं चालावं हे ठरवणारी कचेरी हो ही, म्हणून जास्त हसू येतं. पारदर्शकता म्हणायचं त्यांना. नेहमी असंच मांडतो, म्हणाले. माझ्या भाचीनं स्वतःचं नाव त्या यादीत शोधलं आणि सापडलं तर काय आनंद तिला! मी म्हटलं, अगं, दहावीचा निकाल नाहीये हा. तेवढ्यात ट्रायची वेबसाइटच झोपली. कुणा हॅकर मंडळींनी छाती ठोकून सांगितलं, की ते आमचंच काम.

तर काय सांगत होते... हां, फ्लिपकार्ट. ते तोंड पडलेलं मला अजून आठवतंय. एअरटेलनं त्याच एप्रिलात एअरटेल झीरो आणलं. म्हणजे ज्या कंपनीनं एअरटेलला पैसे मोजले, तिचं अ‍ॅप गिऱ्हाइकाला फुकट. डेटा कापायचा नाही. वरवर किती गोड! पण आमच्या सोसायटीच्या गेटवर बघा, वॉचमननं एका दूधवाल्याकडून महिना बांधून घेतला आणि बाकीच्यांना "वही भरा, लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जा" असं सुरू केलं, तर चार महिन्यांनी दूधवाला एकच उरतो. मग तो म्हणेल तो भाव आणि तो घालील तेवढं पाणी. पैसे वॉचमनच्या खिशात आणि आपण म्हणायचं, आपल्याला काय, दूध तर दारात येतंय!

या झीरोत जायला फ्लिपकार्ट निघालं होतं. त्यांच्या सचिन बन्सलनी तर आधी बाजूसुद्धा घेतली होती, की यात चुकलं काय म्हणून. मग लोकांनी त्यांच्या अ‍ॅपला एकेक स्टार द्यायचा सपाटा लावला. आठवडाभरात, 14 एप्रिलला, फ्लिपकार्टचं निवेदन आलं. आम्ही एअरटेलशी बोलणी थांबवतो, आम्ही नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे नेटवर सगळ्यांना सारखं वागवण्याच्या बाजूचे! कालपर्यंत एक आणि आज दुसरं. लगोलग ते प्रवासाची तिकिटं काढून देणारं क्लिअरट्रिपही मार्कच्या इंटरनेट डॉट ऑर्गमधून उठलं. एक उठला की पंगतीत बाकीच्यांची चुळबूळ सुरू होते, ते काही नवीन नाही.

पण मार्क उठणाऱ्यांतला नाही हं. त्यानं इंटरनेट डॉट ऑर्गचं नाव बदलून फ्री बेसिक्स केलं आणि परत उभा. तोवर आपले पंतप्रधान तिकडे मेन्लो पार्कला जाऊन आले होते, सप्टेंबरात. आईच्या आठवणीनं त्यांचे डोळे भरून आले तो कार्यक्रम. मार्कचे आई-वडील समोर बसलेले. इकडे सगळ्यांचे फोटो तिरंगी झाले, डिजिटल इंडियाच्या नावानं. आमच्या ह्यांचासुद्धा! आणि दोन दिवसांत कुणीतरी त्या तिरंगी फोटोमागचा कोड उघडून बघितला, तर आत नाव कुणाचं? इंटरनेट डॉट ऑर्गचं! फेसबुकनं सारवासारव केली, की एका इंजिनिअरनं चुकून ते नाव दिलं, त्याचा तिरंग्याशी काही संबंध नाही. असेलही तसं. इंजिनिअर लोक नावं देताना विचार करत नाहीत, आमच्या जावयानं घरच्या वायफायला काय नाव ठेवलंय ते मी तुम्हाला सांगणार नाही.

मग ऑक्टोबरात स्वारी दिल्लीला, आयआयटीत. पोरं नेट न्यूट्रॅलिटीवरून घेरणार म्हणून सगळे टपलेले. आणि गाजला कुठला प्रश्न असेल? कँडी क्रशची आमंत्रणं कशी थांबवायची! अहो, खरंच! जगातला एवढा श्रीमंत मुलगा समोर, आणि प्रश्न कँडी क्रश. मला विचाराल तर सगळ्यात खरा प्रश्न तोच होता. तो पण हसला, म्हणाला, मी आमच्या लोकांना सांगितलंय त्याचं काहीतरी करायला. नेट न्यूट्रॅलिटीचंही पुढं निघालंच. आम्ही तिच्या बाजूचे, असं त्यानंही सांगितलं. बाजूचे सगळेच असतात हो!

आता खरी मजा डिसेंबरातली. ट्रायचे नवे चेअरमन आले होते, आर. एस. शर्मा. आधारवाले, झारखंड केडरचे. त्यांनी दुसरा पेपर काढला, या वेळी छोटा, चारच प्रश्न. आणि फ्री बेसिक्स ज्यांच्या नेटवर्कवर चालायचं त्या रिलायन्स कम्युनिकेशन्सला सांगितलं, निकाल लागेपर्यंत ते फ्री बेसिक्स जरा थांबवा. बस! फेसबुक उघडलं की समोर निरोप हजर. फ्री बेसिक्स वाचवा, इथे बोट ठेवा, ट्रायला पत्र जाईल. पत्र लिहून तयार, आपण नुसतं बोट टेकवायचं. किती लोकांना आपण कशावर बोट ठेवलं हे कळलं असेल, देव जाणे. मैत्रिणीला बर्थडे विश करायला गेलेल्या बायका टेलिकॉम धोरणावर मत देऊन आल्या. अमेरिकेतल्या काही लोकांनासुद्धा तो निरोप गेला म्हणे, चुकून.

सगळी मिळून चोवीस लाखांच्या आसपास पत्रं आली आणि त्यातली जवळजवळ एकोणीस लाख फेसबुकच्या वाटेनं. पण गंमत बघा, प्रश्न चार होते आणि त्या पत्रांत एकाचंही धड उत्तर नाही. नुसतं, मला फ्री बेसिक्स आवडतं, डिजिटल समानता हवी. पेपरात विचारलंय पानिपतच्या लढाईची कारणं आणि पोरगं लिहून आलंय मला इतिहास आवडतो! शर्मांची कचेरी म्हणाली, हे चालायचं नाही, तुमच्या लोकांना नीट उत्तरं द्यायला सांगा. तर फेसबुकचं उलट म्हणणं, की तुमच्याच कचेरीतल्या कुणीतरी आमचे ई-मेल बंद करून टाकले, आमची पत्रं पोचतच नव्हती! म्हणजे अनसबस्क्राइब हो. दोन मोठ्या संस्था आणि भांडण कशावरून, तर तू मला ब्लॉक केलंस. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर हेच चालतं, फक्त तिथं लेटरहेड नसतं.

आणि मग जानेवारीत ट्रायचं ते पत्र निघालं. सरकारी पत्र असं असतं हे मला माहीतच नव्हतं. नेहमीचं "उपरोक्त विषयास अनुसरून" छापाचं नाही. सरळ सुनावलं, की विचारविनिमयाचं तुम्ही ठरवून घडवलेलं मतदान करून टाकलंय, नुसत्या मुंड्या मोजायच्या म्हणे. इंग्रजी इतकं खणखणीत, की भाचीनं मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. फेसबुकच्या दिल्लीतल्या कचेरीत तेव्हा चेहरे कसे झाले असतील, मी डोळ्यांसमोर आणून बघते कधी कधी.

हां, एक मात्र आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. शेवटी ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडं मिळालं तर वाईट काय, असं विचारणारे भले लोकही होते. मी आमच्याकडे येणाऱ्या मावशींना विचारलं, असं असं आहे, थोडं इंटरनेट फुकट मिळेल, हवामान, आरोग्य, नोकरीच्या जाहिराती, आणि फेसबुक. चालेल का? भांडी घासता घासता म्हणाल्या, "यूट्यूब हाय का त्यात?" म्हटलं, नाही. "मग पोरगी माझ्या तोंडावर फेकंल त्यो फोन." संपलं! आयआयटीच्या आणि बेंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांनी मोठं निवेदन काढलं तेव्हा, की बेसिक काय ते फेसबुकनं का ठरवायचं. मावशींनी तेच एका वाक्यात सांगितलं होतं. गरिबाला काय बघावंसं वाटेल ते कॅलिफोर्नियात ठरणार, आणि त्यानं काय काय बघितलं तेही कळत राहणार, कारण ती सगळी वाहतूक फेसबुकच्याच यंत्रांतून जायची. हे मला खटकलं ते खटकलंच.

8 फेब्रुवारी 2016. शर्मांनी निकाल दिला. मजकूर बघून कुठल्याच कंपनीनं डेटाचा वेगवेगळा भाव लावायचा नाही. लावलात तर दिवसाला पन्नास हजार दंड, जास्तीत जास्त पन्नास लाख. पूर, भूकंप, असली आणीबाणी असेल तेवढी सूट. फ्री बेसिक्सचं नावसुद्धा घेतलं नाही त्यात! नाव न घेता पाडायचं, याला म्हणतात जुना बाबू. तीन दिवसांत फेसबुकनं भारतातला तो गाशा गुंडाळला.

पण त्या तीन दिवसांत काय झालं ते ऐकलंत का? मार्क अँड्रीसन म्हणून फेसबुकच्या संचालक मंडळावरचे एक गृहस्थ. त्यांना राहवलं नाही. ट्विटरवर लिहिलं, की वसाहतवादाला विरोध करून भारताचं दशकानुदशकं वाटोळंच झालंय, मग आता का थांबा! अहो, म्हणजे इंग्रज होते तेच बरं होतं, असंच ना? इतके दिवस जे लोक विरोधात ओरडत होते, की ही नवी ईस्ट इंडिया कंपनी आहे, त्यांना आम्ही जरा अती करताय म्हणायचो. यांनी स्वतःच्या तोंडानं ते खरं करून दिलं. मग पुसलं, मग माफी मागितली. बिचाऱ्या मार्कला लिहावं लागलं, की हे माझं मत नाही, मला फार वाईट वाटलं. आमच्या ह्यांनी तेव्हा पहिल्यांदा पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हा मात्र चावट निघाला." बस, त्या दिवसापासून फ्री बेसिक्सची बाजू घरात कुणी घेतली नाही. चार प्रश्नांनी जे झालं नाही ते एका ट्वीटनं केलं.

शर्मांचा तेव्हा काय उदोउदो! तीच पोरं त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होती. आणि मग 2018 च्या जुलैत याच शर्मांनी काय करावं, तर स्वतःचा आधार नंबर ट्विटरवर टाकला. घ्या, म्हणे, आणि माझं काय नुकसान करता ते करून दाखवा! आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत पहिला नंबर दिला गेला, 2010 साली, तेव्हा हे आधारच्याच संसारात, त्यामुळे अभिमान असणारच. पण लोकांनी त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, पॅन, सगळं गोळा करून समोर मांडलं. आणि काहींनी तर त्यांच्या खात्यात एकेक रुपया पाठवला! शर्मा शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझं कुठं काय बिघडलं? आणि आधारच्याच कचेरीनं तीन दिवसांनी लोकांना बजावलं, आपला नंबर असा जगजाहीर करू नका हं. आता या दोघांत खरं कोणाचं?

विषय भरकटला. तर गणेशचं पुढं काय, असं तुम्ही विचाराल. अहो, 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं की! सगळ्यांनाच फुकट, तेही अख्खं इंटरनेट. मावशींच्या पोरीला यूट्यूब मिळालं, मावशींना मिळाली कीर्तनं. ट्रायला त्यात खोट काढता येईना, कारण मजकुरात भेद नव्हता, सगळंच फुकट. आणि धाय मोकलून कोण रडायला लागलं? एअरटेल! हे अन्यायाचं आहे, कुणी फुकट देऊन बाजार कसा खाऊ शकतो, अशी तक्रार घेऊन ट्रायच्या दारात. दीड वर्षापूर्वी झीरो नावाचं दुकान यांचंच. मी तर तो बातमीचा तुकडा कापून ठेवलाय.

पुढं 2018 मध्ये सरकारनं ट्रायच्या शिफारशी मान्य केल्या, लायसन्समध्येच कलम आलं, की कुणाचा वेग कमी-जास्त करायचा नाही. आपल्याला वाटलं, सुटलो. पण टेलिकॉमवाल्यांचा सुंभ जळाला तरी पीळ कुठला जायला! 2023 ला ट्रायनं परत पेपर काढला, व्हॉट्सअ‍ॅपसारख्यांचं काय करायचं म्हणून. आणि सेल्युलर ऑपरेटर्सची ती संघटना, जिनं 2015 ला "सबका इंटरनेट, सबका विकास" अशी मोहीम काढली होती, ती आता म्हणते, की हे मोठे अ‍ॅपवाले आमच्या तारांवरून एवढा व्हिडिओ ओततात, त्यांनी आम्हाला वाटा द्यायला हवा. फेअर शेअर म्हणे.

आणि याला विरोध कोण करतंय? मेटा! म्हणजे मार्कच. युरोपातही हाच वाद निघाला तेव्हा त्यांनी लांबलचक लिहून सांगितलं, की तारांचे पैसे गिऱ्हाईक भरतंच, परत आमच्याकडून कशाला? फ्री बेसिक्सच्या वेळी ही संघटना आणि हे महाशय एका सुरात गात होते, वेगवेगळा भाव लावू द्या म्हणून. आता बिलाची वेळ आल्यावर एकमेकांकडे बोट. भाचीला हे सांगितलं तर ती एवढी हसली, म्हणाली, "मावशी, गिऱ्हाइकानं एकदा पैसे भरलेत हे आम्ही ट्रायला ई-मेलमध्ये लिहिलं होतं, 2015 ला. हवं तर बघ, माझ्या पत्त्यासकट अजून कुठेतरी पडलं असेल."